केक जेलमधला ४७१ हलाल आहे का, हे कसं तपासायचं?

तुमची कर्नाटकातल्या खानापुरात बेकरी आहे, ईदसाठी केकची मोठी ऑर्डर आलीय आणि गिऱ्हाइकाने केक जेलच्या (केक फुलवायला घालतात ती पेस्ट) डब्यावरचा, घटकांच्या यादीतला ४७१ हा आकडा दाखवून "हे हलाल आहे का?" असं विचारलंय. नुसत्या आकड्यावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. आकड्यावरून पदार्थ कोणता ते कळतं, तो कशापासून काढलाय ते कळत नाही. ४७१ हे तेलापासून किंवा चरबीपासून केलेलं इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ. पामतेलातूनही निघतं, जनावराच्या चरबीतूनही निघतं, आणि आकडा दोन्हीला एकच. जेलमधले ४७०, ४७५ आणि ४२२ म्हणजे ग्लिसरीन, तसेच ब्रेड इम्प्रूव्हरमधले (पाव चांगला फुलावा म्हणून पिठात घालतात ती पावडर) ४७२ई आणि ४८१, या सगळ्यांची हीच गोष्ट. इम्प्रूव्हरमधला ९२० तर पिसांपासून किंवा केसांपासूनही काढतात, आणि फर्मेंटेशननेही तयार करतात.

आपल्याकडे मोठी सोय आहे ती हिरव्या खुणेची. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने चौकोनातलं हिरवं वर्तुळ असलेल्या मालात प्राणिजन्य घटक चालत नाही. अपवाद दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख यांचा. म्हणून कंपनीच्या सीलबंद डब्यावर हिरवी खूण असेल, तर आतला ४७१ वनस्पतीचाच असायला हवा. चरबीची शंका तिथे संपते.

पण हिरवं म्हणजे हलाल आणि तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी मालाची खूण, असली की हराम (धर्माने निषिद्ध), असं धरू नका. इथेच बहुतेक जण फसतात. अंडं हलाल आहे, पण अंड्याची पावडर घातलेल्या प्रीमिक्सवर तपकिरी त्रिकोण येतो. उलट दारू प्राणिजन्य नाही, त्यामुळे हिरव्या खुणेवरून दारूबद्दल काहीच कळत नाही. अंडेवाल्या प्रीमिक्सची अडचण आणखी वेगळी. त्रिकोण अंड्यामुळे आलाय की चरबीमुळे, हे खुणेवरून ओळखता येत नाही. तिथे कंपनीला विचारावंच लागतं.

पुरवठादाराकडे फोनवर चौकशी करून भागत नाही. "हो हो, व्हेजच आहे" एवढंच ऐकायला मिळतं. डब्यावरच्या कस्टमर केअरच्या ईमेलवर मालाचं नाव, बॅच नंबर आणि कारखान्याचा पत्ता लिहून तीन गोष्टी विचारा. इमल्सिफायर आणि ग्लिसरीनचा स्रोत वनस्पती की प्राणी? फ्लेवर किंवा रंग विरघळवायला अल्कोहोल वापरलंय का? या कारखान्यातल्या या मालाचं हलाल प्रमाणपत्र चालू आहे का? स्पेसिफिकेशन शीटही मागा. जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या संस्था अशी प्रमाणपत्रं देतात. प्रमाणपत्र आलं की मुदत, कारखान्याचा पत्ता आणि मालाच्या यादीत तुमच्या जेलचं नाव, हे तिन्ही जुळवून बघा. त्याच ब्रँडच्या दुसऱ्या कारखान्याचा कागद इथे चालत नाही.

होलसेलवाल्याने मोठ्या डब्यातून साध्या पिशवीत भरून दिलेलं सुटं जेल या ऑर्डरला वापरू नका. त्यावर ना घटकांची यादी, ना बॅच. लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावीच लागते, कन्नड त्याच्या जोडीला असू शकते. बारीक अक्षरं वाचायला फोटो काढून मोठा करा.

खरी काळजी जेलपेक्षा जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या पदार्थाची घ्या. मूस, मार्शमॅलो आणि केकवरच्या चकचकीत ग्लेझमध्ये ते सापडतं. ते गुराचं असलं तरी जनावर हलाल पद्धतीने कापलेलं होतं का, हा प्रश्न उरतोच. प्रक्रियेत पदार्थ पूर्ण बदलतो म्हणून चालतो, असं काही आलिम (इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार) मानतात, बरेच मानत नाहीत. हा निर्णय तुम्ही घेऊ नका, माल बदला. ग्लेझला अगर, म्हणजे चायना ग्रासची पावडर, लिटरमागे ८ ते १० ग्रॅम पुरते. ती दोन मिनिटं उकळायलाच हवी, नुसत्या गरम पाण्यात कालवली तर गुठळ्या राहतात आणि ग्लेझ धरत नाही. अगर उकळून झाल्यावरच लिंबाचा रस घाला, आंबटासोबत उकळली तर पकड सैल होते. अननस केकला तर अगरच बरी, कारण ताज्या अननसाच्या रसाने जिलेटिन सुटतं, अगरला काही होत नाही. मूसमध्ये मात्र अगरने जिलेटिनसारखा लुसलुशीतपणा येत नाही, म्हणून या ऑर्डरपुरतं मूस टाळलेलं बरं.

रंगात नावांचा घोळ होतो. १२० म्हणजे कार्माइन, हा किड्यांपासून काढलेला लाल रंग, तो नको. १२२ म्हणजे कार्मोइझिन, हा कृत्रिम, त्याचा किड्याशी संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या "डुकराची चरबी असलेले कोड" या याद्यांवर विसंबू नका. त्यांत १००सुद्धा असतो, आणि १०० म्हणजे कर्क्युमिन, सांगलीच्या बाजारातल्या हळदीतला पिवळा रंग!

इसेन्सची बाटली बघताना घटकांत १५२० म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल असेल तर ते अल्कोहोलच्या जागी वापरलेलं द्रावक (विरघळवणारा पदार्थ) आहे, पेयातली दारू नव्हे. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट मात्र सहसा अल्कोहोलमध्ये काढतात, तो या ऑर्डरला घेऊ नका. रम इसेन्सही बाजूला ठेवा, दारू नसली तरी गिऱ्हाइकाला नुसत्या वासाने शंका येईल.

डिसेंबरात रममध्ये भिजवलेल्या सुक्यामेव्याचा प्लम केक करत असाल, तर त्याचे ब्रश, वाडगे आणि साचे ईदच्या मालाला लावू नका. ब्रशच्या केसांत राहिलेलं धुऊन पूर्ण निघत नाही, नवा ब्रश घ्या. खोक्यावर स्वतःहून "हलाल" छापू नका. वापरलेल्या प्रत्येक डब्याच्या लेबलचा फोटो आणि कंपनीचं उत्तर ऑर्डर देणाऱ्याला आधीच पाठवा, म्हणजे त्यांना मौलानांना दाखवायला वेळ मिळेल आणि काही बदलायचं झालं तर तुमच्याही हातात दिवस राहतील.