बुद्धिबळात ताकद लागत नाही, मग महिलांचं जगज्जेतेपद वेगळं का?

तुम्ही विचारलंय की पटावर अंगातली ताकद कामाला येत नाही, तरी महिलांची स्पर्धा वेगळी का, ती कधीपासून आहे, आणि तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला मुलींच्या गटात खेळवावं की मुलंमुली दोघांनाही खेळता येतं त्या खुल्या गटात. मी शाळकरी मुलामुलींना बुद्धिबळ शिकवते. शेवटचा प्रश्न प्रत्येक स्पर्धेत नावनोंदणीच्या टेबलापाशी कुणी ना कुणी विचारतंच. पण आधी इतिहास सांगते, कारण त्याशिवाय माझं उत्तर पटायचं नाही.

१९२७ साली लंडनला पहिलं बुद्धिबळ ऑलिम्पियाड, म्हणजे देशोदेशींच्या संघांची स्पर्धा, भरलं आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघानं त्याच्या जोडीला महिलांच्या जगज्जेतेपदाची पहिली स्पर्धा घेतली. १२ जणी खेळल्या. व्हेरा मेंचिक नावाची एकवीस वर्षांची मुलगी ११ पैकी साडेदहा गुण मिळवून जिंकली. जन्म मॉस्कोचा, वडील चेक, आई इंग्रज. क्रांतीनंतर ती इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला आली आणि तिथे गेझा मारोत्सी या हंगेरियन उस्तादाकडे शिकली. पुढे १९३९ पर्यंत या अजिंक्यपदाच्या आणखी सहा स्पर्धा झाल्या आणि सहाही तिनंच जिंकल्या.

वेगळी स्पर्धा का, तर त्या काळी बऱ्याच क्लबांत बायकांना प्रवेश नव्हता आणि मोठ्या स्पर्धांची निमंत्रणं त्यांना येत नसत. खेळायलाच मिळत नसेल तर खेळ सुधारणार कसा? निदान आपसांत तरी मानाची स्पर्धा असावी, ही सोय होती. बायकांची बुद्धी कमी, असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि ते सगळ्यात आधी मेंचिकनंच दाखवून दिलं.

१९२९ मध्ये तिला कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेचं निमंत्रण आलं. बाकी सगळे पुरुष, त्यात माजी जगज्जेत्या कापाब्लांकासारखे. आल्बर्ट बेकर या व्हिएन्नाच्या खेळाडूनं खिल्ली उडवली की जो हिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लब’चा सभासद करून घेऊ. पहिला सभासद बेकर स्वतःच झाला! मेंचिक त्या स्पर्धेत शेवटची आली हेही खरं, पण क्लबातली नावं वाढत गेली. अमेरिकेचा रेशेव्हस्की आला, आपल्या पंजाबचा सुलतान खान आला, आणि हॉलंडचे मॅक्स यूवे तर तिच्याकडून दोनदा हरले. हेच यूवे १९३५ मध्ये जगज्जेते झाले. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९४४ च्या जूनमध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बनं मेंचिक, तिची बहीण आणि आई, तिघींचा घरातच बळी घेतला. ती तेव्हा जगज्जेतीच होती. किताब काही वर्षं रिकामा राहिला. मग १९४९-५० च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या स्पर्धेत ल्युडमिला रुडेन्को जिंकली आणि पुढची चाळीसेक वर्षं तो सोव्हिएत संघाबाहेर गेला नाही. १९६२ मध्ये जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विलीनं तेव्हाची जगज्जेती बिकोव्हा हिला ९-२ असं अक्षरशः धुतलं. १९७८ मध्ये ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब मिळवणारी पहिली स्त्री तीच, आणि त्याच वर्षी तिचं जगज्जेतेपद हिसकावणारी सतरा वर्षांची माया चिबुर्दानित्झेही जॉर्जियाचीच. १९९१ मध्ये चीनच्या शिये जुननं ही मक्तेदारी मोडली.

आता आपल्याकडे या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूरला झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर जिंकल्या. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या थोरल्या कन्या. पहिली दहा वर्षं हा किताब वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घराबाहेर गेला नाही. त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले आल्या, दोघींनीही पाच-पाच वेळा तो जिंकला. महाराष्ट्राचं हे वैभव आज किती जणांना ठाऊक आहे? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पण मला सांगायचंय ते रोहिणीताईंबद्दल. १९७६ मध्ये, तेराव्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, फिडेपर्यंतही गेलं. तेव्हा फिडेचे अध्यक्ष होते मॅक्स यूवे. हो, मेंचिककडून दोनदा हरलेले तेच. स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. यूवेंच्या मनात तेव्हा मेंचिक होती की नाही, कोण सांगणार. पण पटावर समोर बसून जो हरलाय, त्याला ‘बायकांना काय जमणार’ हे पटवणं कठीणच. पुढे १९८१ मध्ये हैदराबादला रोहिणीताई आशियाई विजेत्या झाल्या, १२ पैकी साडेअकरा गुण घेऊन!

हंगेरीच्या ज्युडित पोल्गारनं तर महिलांच्या जगज्जेतेपदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खुल्या गटातच खेळली आणि जगातल्या पहिल्या दहांत जाऊन आली. मात्र म्हणून महिलांची स्पर्धा बंद करा, असं मी म्हणणार नाही. कोनेरू हंपी २०११ मध्ये अल्बेनियातल्या तिरानाला चीनच्या हौ यिफानविरुद्ध जगज्जेतेपदासाठी खेळली, हरली, पण ते पाहून इथे किती मुलींनी पट मांडला. २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीयच होत्या, हंपी आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या जिंकली, आणि त्या विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली. महिलांची वेगळी स्पर्धा नसती तर हा दिवस कुठून आला असता?

आता तुमच्या मुलीचं. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय निवडीच्या स्पर्धा तिला मुलींच्या गटात खेळवा, कारण आशियाई आणि जागतिक वयोगट स्पर्धांची वाट तिथून जाते. वर्षभराच्या बाकी सगळ्या स्पर्धा मात्र खुल्या गटात. टेबलापाशी पालक मला म्हणतात, “मॅडम, मुलींच्या गटात टाका, तिथे चषक नक्की मिळेल.” मिळतो, खरंय. पण तीच मुलगी खुल्या गटात चौथ्या-पाचव्या फेरीत तगड्या मुलासमोर बसते, हत्तीचा अंतिम डाव तासभर रेटते आणि हरून येते, तेव्हा त्या एका डावातून ती जे शिकते ते तीन चषकांतून शिकत नाही. डाव लिहून आणायला सांगा आणि घरी आल्यावर तिच्याबरोबर पटावर पुन्हा मांडून बघा. तुम्हाला खेळ येत नसला तरी चालेल, तीच समजावून सांगेल.

आणि नावनोंदणीला कुणी “मुलींचा गट तिकडे आहे” म्हणालं, तर शांतपणे सांगा की खुला गट सगळ्यांचा असतो, पावती त्याच गटाची फाडा.