वाचकांचे प्रश्न : बोस्नियातील सलोखा आणि बाहेरची मदत

प्रश्न : आमच्या गावात घरटी एक तरी माणूस सैन्यात असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख झाले, तेव्हापासून मी त्या देशातून फुटून निघालेल्या बोस्नियाच्या बातम्या आवर्जून वाचतो. युद्ध १९९५ मध्ये थांबले, तरी तेथे अजून परदेशी सैन्य आहे आणि कायदे लादण्याचा अधिकार असलेला परदेशी प्रतिनिधीही आहे. एवढ्या मदतीने तेथील लोकांत खरा सलोखा झाला का?
— एक निवृत्त सुभेदार, अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा

उत्तर : सुभेदारसाहेब, या मदतीने बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातील मुस्लिम), सर्ब आणि क्रोएट या तेथील तीन समाजांतले युद्ध पुन्हा पेटू दिले नाही आणि लाखो माणसांना त्यांची घरे परत मिळवून दिली. राज्यकारभार मात्र तिने वांशिक वाटणीत अडकवून ठेवला, आणि सलोखा अर्ध्यावर राहण्याचे मोठे कारण तेच आहे, असे माझे मत आहे.

सैन्याचा भाग आपल्याला लगेच पटेल. स्रेब्रेनित्सा हे गाव सुरक्षा परिषदेने एप्रिल १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केले, पण ते राखण्याइतके बळ तेथील शांतिसैनिकांना दिले नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने तेथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुषांची आणि मुलग्यांची हत्या केली. त्याच वर्षी अमेरिकेतील डेटन येथे शांतता करार ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये त्यावर सह्या झाल्या आणि नाटोच्या नेतृत्वाखाली सुमारे साठ हजारांचे सैन्य उतरले. करार बळाने पाळायला लावण्याचा अधिकार या सैन्याला होता, म्हणूनच तो पाळला गेला. २००४ पासून ती जबाबदारी युरोपीय संघाच्या, त्या मानाने फारच लहान असलेल्या दलाकडे आहे.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते घरांचे काम. सुमारे चव्वेचाळीस लाख लोकवस्तीच्या देशात जवळजवळ निम्मी माणसे विस्थापित झाली होती आणि एकाच्या रिकाम्या घरात दुसरा विस्थापित राहू लागला होता. घर गेलेल्या माणसाला कोरड्या सांत्वनाचा काही उपयोग नसतो, हे कोयनेच्या धरणग्रस्तांची परवड पाहिलेल्या सातारा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने प्रत्येकाला स्वतःच्या मूळ घरी परतण्याचा हक्क दिला. तरी स्थानिक अधिकारी अर्ज दाबून ठेवत होते, तेव्हा आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीने (आपण म्हणता तो परदेशी प्रतिनिधी) १९९७ मध्ये बॉन येथे मिळालेले विशेष अधिकार वापरून अडवणूक करणाऱ्यांना पदावरून दूर केले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दोन लाख घरे मूळ मालकांना परत मिळाली. सगळेच तेथे राहायला गेले नाहीत. पुष्कळांनी घर विकून आपल्या समाजाच्या वस्तीत राहणे पसंत केले. तरीही हक्क मान्य होणे ही लहान गोष्ट नव्हती. असाच एक साधा निर्णय १९९८ चा आहे. त्याआधी गाडीच्या नंबरप्लेटवरून चालक कोणत्या बाजूचा हे कळत असे आणि माणसे पलीकडच्या भागात गाडी नेण्यास घाबरत. लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी अक्षरे घेऊन देशभर एकच नंबरप्लेट लागू केली, आणि माणसे निर्धास्तपणे ये-जा करू लागली.

बेपत्ता माणसांच्या शोधाचे कामही याच तोडीचे आहे. गुन्हा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी यंत्रांनी सामूहिक कबरी उकरून प्रेते दुसरीकडे हलवली होती, त्यामुळे एकाच माणसाची हाडे निरनिराळ्या कबरींत सापडत. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तीविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनएच्या आधारे हजारोंची ओळख पटवली, आणि आयांना निदान मुलाचे दफन करता आले. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले. त्याचे निकाल मात्र सर्व समाजांनी सारख्याच मनाने स्वीकारलेले नाहीत. स्रेब्रेनित्सा येथे वंशसंहार झाला, हे नाकारणारे नेते तेथे आजही निवडून येतात.

आता मुख्य दोष. बाहेरच्यांच्या देखरेखीखाली ठरलेल्या राज्यघटनेनुसार तीन सदस्यांच्या अध्यक्षमंडळात बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांच्यातील प्रत्येकी एकच बसू शकतो. रोमा किंवा ज्यू नागरिकाला त्या पदासाठी उभेही राहता येत नाही. हा भेदभाव असल्याचा निकाल युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये दिला, पण घटना अद्याप बदललेली नाही. आपल्याच समाजाची भीती जागती ठेवली की मते मिळतात, आणि अवघड निर्णय परदेशी प्रतिनिधी घेतो. मग तडजोड करण्याची गरज नेत्यांना का वाटावी? हे विशेष अधिकार टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या मुदतीत कमी करायला हवे होते, असे मला वाटते. सैन्य मात्र अजून काही काळ राहिलेले बरे.

प्रश्न : तेथील मुले एकत्र शिकतात का?
— एक माध्यमिक शिक्षिका, सांगली

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही, बाई. देशाच्या मध्य आणि दक्षिण भागांत ‘एका छपराखाली दोन शाळा’ अशी पद्धत आहे. इमारत एकच, पण बोस्नियाक आणि क्रोएट मुलांचे वर्ग, अभ्यासक्रम आणि शिक्षक वेगळे. काही ठिकाणी प्रवेशद्वारेही वेगळी. परतणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना निदान एका इमारतीत आणावे, म्हणून केलेली ही तात्पुरती सोय होती, ती कायमची होऊन बसली. याइत्से या गावी मुलांना आणखी विभागणारी नवी शाळा काढण्याचे ठरले, तेव्हा २०१६ आणि २०१७ मध्ये तेथील माध्यमिक शाळांचे बोस्नियाक आणि क्रोएट विद्यार्थी मिळून रस्त्यावर उतरले आणि अखेर ती योजना मागे घ्यावी लागली. बाहेरच्या संस्थांनी त्यांना पाठिंबा दिला, पुढे पुरस्कारही दिला. पण पहिले पाऊल त्या मुलांचे होते. परदेशी निधी देणाऱ्यांनी अशा मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना अधिक बळ द्यायला हवे, परिषदा आणि अहवाल थोडे कमी झाले तरी चालतील.