डिसेंबर सेलमध्ये पीडीएफ स्वस्त नाही मिळाली? थांब जरा

अरे तू एवढा वैतागू नकोस, नाताळच्या सेलला आरपीजीच्या (टेबलाभोवती बसून पात्रं बनून खेळायच्या खेळांच्या) पीडीएफ पुस्तकांवर फार मोठी सूट क्वचितच असते. छापील पुस्तकाचं कसं, गोडाऊन रिकामं करायचं असतं म्हणून दुकानदार भाव पाडतो, पीडीएफ कुठे जागा अडवते? शिवाय या पीडीएफ विकणारी ड्राइव्हथ्रूआरपीजीसारखी साइट किमतीतले साधारण 30-35 टक्के आधीच कापून घेते, मग एकटादुकटा लेखक अजून किती सोडणार बिचारा.

त्यापेक्षा विशलिस्ट करून ठेव आणि मार्चमधला जीएम्स डेचा सेल (जीएम म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर; 4 मार्चच्या आसपास) आणि जुलैमधला ख्रिसमस इन जुलै बघ. पण खरी स्वस्ताई बंडलमध्ये. बंडल ऑफ होल्डिंग ही अशी पीडीएफची बंडलं विकणारी साइट 2013 पासून चालू आहे, एकाच गेमची ढीगभर पुस्तकं एका पुस्तकाच्या भावात येतात, फक्त मुदत संपली की गेलं. हम्बल या दुसऱ्या बंडल साइटवर पण अधूनमधून असं बंडल येतं. मात्र त्यातली निम्मी पुस्तकं तू उघडणार पण नाहीस हे धरूनच चाल, माझी हार्डडिस्क साक्षीला आहे.

आणि डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, सगळ्यात प्रसिद्ध आरपीजी) शिकायचंय म्हणून पैसे घालू नकोस आत्ताच, त्याच्या मूळ नियमांचा संच, एसआरडी 5.1, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली फुकट आहे, आणि पाथफाइंडर या तसल्याच दुसऱ्या गेमचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर फुकट आहेत. आधी दोन-चार सेशन खेळा, ग्रुप टिकतोय का बघा, मग काय ते घे. हां, डॉलरमध्ये पेमेंट करताना बँकेचा फॉरेक्स चार्ज (परकीय चलनाचं शुल्क) पण धर, छोटी सवलत असेल तर तो बराच खाऊन टाकतो.