जुनं कॅबिनेट, नवं कोटिंग: फिनिश कोणता घ्यायचा?

प्रश्न (मिरजेहून एक वाचक): ताई, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या ऑफिसातलं जुनं पत्र्याचं कॉम्प्युटर कॅबिनेट मला मिळालंय. एका दाराला पोचा आहे, तळाशी थोडा गंज आहे. त्यात नवा कॉम्प्युटर बांधायचा आहे आणि स्प्रेचा डबा मारण्यापेक्षा पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड विजेच्या भाराने चिकटवून भट्टीत वितळवतात ते) करून घ्यावं असं ठरवलंय. माझ्या मनात चकचकीत मेटॅलिक लाल आहे, मित्र म्हणतो मॅट काळा घे. कोणता फिनिश घेऊ आणि कोटिंगवाल्याला नेमकं काय सांगू?

उत्तर: जुनं कॅबिनेट भंगारात न देता वापरतोयस, याचा मनापासून आनंद झाला. ते एटीएक्स या प्रमाणित मापाचं असेल तर मदरबोर्ड बसवायची भोकं १९९५ सालापासून त्याच जागी आहेत, आजचा बोर्ड बसेल. लांब ग्राफिक्स कार्ड घेणार असशील तर आतली जागा आधी मोज. हार्ड डिस्क बसवायचा ड्राइव्हचा पिंजरा कापायचा झाला तर तो कोटिंगच्या आधी काप. कोटिंगनंतर कापलेली कड उघडी राहते आणि गंज तिथूनच शिरतो.

आता फिनिश. शेडकार्ड बाजूला ठेव आणि आधी पत्रा बघ. दारावर ओलं फडकं फिरव, ते ओलं दार ट्यूबलाइटखाली तिरकं धर आणि ट्यूबच्या प्रतिबिंबाची रेघ कुठे वाकते ते पाहा. जिथे वाकते तिथे पत्र्यात लहर आहे, आणि ग्लॉस, म्हणजे चकचकीत, पावडर ती लहर लपवत नाही, उलट उठावदार करते. कॅबिनेटचा पत्रा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. लाकडी ठोकळा मागे धरून पोचा काढलास तरी तो शंभर टक्के सपाट होणार नाही. गॅरेजमध्ये भरतात तशी पुट्टी इथे चालत नाही. ओव्हनमध्ये जॉब, म्हणजे कोटिंगला दिलेला भाग, १८० ते २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं असतो, त्या तापात साधी पुट्टी फुगते, तडकते. शिवाय पावडर पत्र्याला धरून राहते ती विजेच्या भारामुळे, आणि पुट्टी वीज वाहून नेत नाही, म्हणून तिथे थर नीट बसत नाही.

त्यामुळे तुझ्या कॅबिनेटला मी फाइन टेक्स्चरच सुचवीन. बारीक दाण्यामुळे उजेड विखुरतो, पोच्याची उरलेली लहर आणि जुने चरे दिसेनासे होतात. मित्राचा मॅट काळा कॅटलॉगमध्ये देखणा दिसतो, पण गुळगुळीत मॅटवर बोटांचे तेलकट ठसे उमटतात आणि तेच तेच घासून पुसलं की तिथे चमक येते. ती परत जात नाही. फाइन टेक्स्चरचीही एक खोड आहे: दाण्यात धूळ बसते आणि टिश्यूने पुसलं तर त्याचे तंतू अडकतात. रंगकामाचा मऊ ब्रश फिरवलास की साफ होतं.

लाल मात्र सोडू नकोस. टेक्स्चरमध्येही लाल मिळतो. आरएएल (रंगांना क्रमांक देणारी पद्धत) ३००३, म्हणजे रुबी रेड, मला कॅबिनेटवर फार आवडतो. मेटॅलिकचा हट्ट असेल तर सगळे सुटे भाग एकाच दिवशी, एकाच लॉटच्या पावडरमध्ये करून घे. त्यातले चमकीचे कण पावडर फवारणाऱ्या गनचं अंतर आणि व्होल्टेज बदललं की वेगळे बसतात, मग दार एका छटेचं आणि सांगाडा दुसऱ्या, असं होतं. चंदेरी थरावर पारदर्शक लाल मारतात, ते कँडी फिनिश तर आणखी नाजूक. थर जिथे जाड तिथे रंग गडद. कॅबिनेटच्या इतक्या घड्या-कोपऱ्यांवर तो सारखा येणं कठीण, म्हणून पहिल्या कामाला मी तो सुचवत नाही.

कुपवाड एमआयडीसीत तुला जॉबवर्क करणारे भेटतील. इलेक्ट्रिकल पॅनेलची कामं करणाऱ्याकडे बहुधा आरएएल ७०३२ आणि ७०३५ हे करडे रंग सतत चालू असतात. ते चालणार असतील तर त्याच्या चालू लॉटमध्ये तुझे भाग स्वस्तात लागतील. एका कॅबिनेटसाठी बूथ, म्हणजे फवारणीची खोली, साफ करून लाल भरायचा तर तो जास्त पैसे सांगणार, आणि त्याचं ते बरोबर आहे.

देण्याआधी सगळं सुटं कर. रिव्हेटची डोकी ड्रिलने उडव, सांगाडा वेगळा कर. बंद कोपऱ्यांत विजेच्या ओढीने पावडर आत शिरतच नाही, ती कडांवरच जमते, म्हणून जोडलेल्या पिंजऱ्याच्या आत कच्चा पत्रा दिसत राहतो. प्लास्टिकचा पुढचा भाग, रबरी पाय, बटणं, वायरी यातलं काहीही ओव्हनमध्ये जाता कामा नये.

कॅबिनेटच्या पत्र्यावर बहुतेक वेळा जस्ताचा पातळ मुलामा असतो. सेव्हन टँकवाल्याला, म्हणजे कोटिंगआधी सात टाक्यांत पत्रा धुणाऱ्याला, हे आवर्जून सांग. गंज काढायच्या ॲसिडच्या टाकीत तो पत्रा जास्त वेळ राहिला तर मुलामाच जातो. तळाचा गंज तू घरीच पॉलिश पेपरने काढ. सँड ब्लास्टिंगला नाही म्हण, एवढा पातळ पत्रा त्याने वाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मास्किंग, म्हणजे पावडर नको तो भाग झाकणं. पावडरचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), टेक्स्चरचा त्याहून जाड. दाराची जीभ ज्या खाचेत सरकते तिथे जिभेच्या दोन बाजू आणि खाचेच्या दोन, असे चार थर येतात, म्हणजे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. एवढ्याने दार अडतं, आणि जोर लावलास की पहिल्याच दिवशी रंग सोलतो. जिभा आणि खाचा झाकून घे. पॉवर सप्लायच्या स्क्रूचे ६-३२ मापाचे आणि एसएसडीचे एम ३ मापाचे आटे सिलिकॉनच्या बुचांनी बंद करायला सांग. साधा कागदी टेप त्या तापात करपतो आणि त्याचा गोंद पत्र्यावर राहतो. हिरवा पॉलिएस्टर टेप लागतो.

मागच्या बाजूला पॉवर सप्लाय जिथे टेकतो ती चौकट आणि बोर्ड ज्यांवर बसतो त्या स्टँडऑफच्या खुंट्यांखालची गोल जागा उघडी ठेव. पावडरचा थर वीज अडवतो. कॅबिनेटला अर्थिंग मिळतं ते पॉवर सप्लायच्या अंगातून, आणि तो पत्र्याला धातूने धातू लागलेला असायला हवा. आपल्याकडे अनेक घरांत तिसऱ्या पिनला अर्थिंग नसतंच. तेव्हा सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. सगळं जोडल्यावर, वायर भिंतीतून काढलेली असताना, प्लगची मोठी पिन आणि कॅबिनेटचा उघडा स्क्रू यांमध्ये मल्टिमीटर लाव. एक ओहमच्या आत आलं पाहिजे. घराचं अर्थिंग वायरमनकडून वेगळं तपासून घे.

पैसे देण्याआधी त्याच पत्र्याच्या एका तुकड्यावर नमुना माग. त्यावर ब्लेडने २ मिलिमीटर अंतराने आडव्या-उभ्या रेघा मार, चिकटपट्टी दाबून लाव आणि झटक्यात ओढ. चौकोन निघाले तर धुलाई किंवा भट्टी, काहीतरी कमी पडलंय.

प्रश्न (रत्नागिरीहून एक वाचक): माझ्या कॅबिनेटचं कोटिंग चांगलं आहे, तरी कडांवर गंजाची रेघ उमटते. खाऱ्या हवेला कोणती पावडर टिकेल?

उत्तर: तुमच्याकडे पावडरपेक्षा कड जास्त महत्त्वाची आहे. धारदार कडेवरून वितळलेली पावडर मागे सरते आणि थर तिथे सगळ्यात पातळ उरतो. पुढच्या वेळी प्रत्येक कापलेली कड कानशीने गोल करा. आधी इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिएस्टर असा दोन थरांचा मेळ घ्या. इपॉक्सी गंजाला चांगली अडवते, पण उन्हात पांढरी पडते, म्हणून वरचा थर पॉलिएस्टरचा. दोन थरांमुळे जाडी वाढेल, तेव्हा दाराच्या खाचांचं वर लिहिलेलं तुम्हालाही लागू आहे.