काही लोकांना मुद्दाम घाबरायला का आवडतं?

तुम्ही विचारलंय की तुमचा मित्र हौसेने हॉरर बघतो आणि तुम्हाला दहा मिनिटंही बसवत नाही, मग नॉर्मल कोण? दोघंही नॉर्मल. मी तुमच्या मित्राच्या पार्टीतला, तरी सांगतो.

पडद्यावर धाडकन काही आलं की मेंदूतला अमिग्डला (धोका हेरणारा छोटासा भाग) आधी अलार्म वाजवतो, विचारबिचार नंतर. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहाताला घाम, आणि मग मेंदूचा पुढचा भाग म्हणतो, अरे थांब, खोटंय हे. म्हणजे शरीर पळायच्या तयारीत आणि डोक्याला पक्कं माहितीय की काही होणार नाहीये, सगळी मजा यातच आहे. ती खात्री गेली की मजा खल्लास. खरंच मध्यरात्री कोणी दाराची कडी वाजवली तर माझीही तंतरते, तिथे एन्जॉय वगैरे काही नाही.

दुसरं म्हणजे भीती गेली तरी धडधड लगेच उतरत नाही, ती पुढच्या भावनेला जाऊन चिकटते, त्यामुळे 'सुटलो बाबा' हे नेहमीपेक्षा जास्त जोरात जाणवतं. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात हे मांडलं. थिएटरमध्ये किंचाळ्या थांबल्या की लगेच सगळे खिदळायला लागतात ना, बघितलं असेल.

आता तुमचा मुद्दा. डेन्मार्कमध्ये ११० जणांना हार्ट रेट मॉनिटर लावून हॉन्टेड हाऊसमध्ये (लोकांना घाबरवायला मुद्दाम सजवलेल्या जागेत) सोडलं होतं, २०२० मध्ये तो अभ्यास छापून आला. कमी घाबरलेल्यांना विशेष मजा नाही, फार घाबरलेल्यांनाही नाही, मधल्यांना सगळ्यात जास्त. हा मधला टप्पा प्रत्येकाचा वेगळा, तुमचा लवकर मागे पडतो एवढंच, त्यात भित्रेपणाबित्रेपणा काही नाही (मित्र चिडवत असेल तर हे ऐकवा त्याला).

ट्राय करायचंच असेल तर रिमोट स्वतःकडे घ्या आणि नको वाटलं की आवाज म्यूट करा, अर्धी भीती त्या बॅकग्राउंड म्युझिकचीच असते, आवाज गेला की तोच सीन चक्क विनोदी वाटतो. फक्त ज्याच्यावर खरंच काही भयानक गुदरलंय अशा माणसाला आग्रह करून बसवू नका, त्याचं शरीर 'खोटंय हे' ऐकून घेईलच असं नाही.