आधी वाजव, मग हसव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू आमच्या बेस गिटारवाल्यांच्या टोळीत पहिल्यांदा बसलास आणि रात्री मला विचारलंस, "मावशी, ही माणसं बेस वाजवतात की बेसची टिंगल करतात?" एवढं मोठं उत्तर फोनवर टाइप करणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून पत्र.

दोन्ही करतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या गच्चीवरच्या खोलीत जमणाऱ्यांपैकी एक रिफायनरीत शिफ्ट करतो, एकाचं रावपुऱ्यात औषधांचं दुकान आहे, एक बँकेतून निवृत्त झालाय. सगळ्यांचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर आहे, की स्टेजवर आपल्याकडे कोणी बघत नाही. बेसवाल्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. "तुमच्या गिटारच्या दोन तारा तुटल्यात का?" आणि "ही वायर जरा तिकडे घेता का?" गणपतीतल्या कार्यक्रमात साउंडवाला तबला तपासतो, कीबोर्ड तपासतो, निवेदिकेचा माइक तर पुन्हा पुन्हा तपासतो, आणि आपल्यापाशी आला की हात हलवून म्हणतो, "तमारू चालशे," म्हणजे तुमचं चालेल. वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर माणूस एकतर सतार शिकायला लागतो, नाहीतर विनोदी होतो.

तसे विनोद तू रविवारी पोटभर ऐकलेस. औषधवाले काका म्हणाले, चार तारांपैकी मी एक वापरतो, बाकीच्या तीन तिला सोबत. बँकवाल्यांकडे पाच बेस आहेत, सगळे एकाच तपकिरी-पिवळ्या रंगाचे. बायकोनं विचारलं की म्हणतात, "नवा कुठला? तोच आहे, पुसलाय." बीटल्सच्या पॉल मकार्टनीचा १९७२ साली चोरीला गेलेला बेस पन्नासहून अधिक वर्षांनी परत मिळाला, ती बातमी २०२४ मध्ये आली, तेव्हा रिफायनरीवाला म्हणाला, "माझा नेला असता तर चोरानं जिन्यातूनच परत आणून ठेवला असता."

मला हे विनोद आवडतात. त्यांतल्या बऱ्याच विनोदांत वाद्याची पक्की माहितीही असते, ती तू उचल. काही बेसना असते ती पाचवी तार म्हणजे अंगठा टेकवायची महागडी जागा, असं ते म्हणतात ना? त्या तारेचा मोकळा बी सेकंदाला जेमतेम ३१ कंपनांचा. आपल्या मंडळांच्या भाड्याच्या स्पीकरमधून त्याची नुसती घरघर बाहेर पडते, म्हणून बहुतेक जण तिला हात लावत नाहीत. "माझा जी तारेवरचा सहावा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) माझ्यासारखाच आहे, लवकर दमतो," हेही खरंच आहे. फेंडर कंपनीच्या धर्तीच्या बेसमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर पटकन विझतो, कारण तेवढ्या कंपनाला लाकडी मानच थरथरते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. तुझ्या बेसमध्ये ती जागा शोध. बेस बिघडलेला नाही. तोच स्वर डी तारेवर पाच फ्रेट वर मिळतो, तिथून घे.

बिनफ्रेटचा बेस असलेला आमचा एक मेंबर सूर चुकला की "मींड घेतली" म्हणतो, म्हणजे मुद्दामच एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकलो. फैयाज खाँसाहेबांच्या गावात, जिथे १८८६ साली सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिथे असं म्हणायला छाती लागते. बिनफ्रेटचं वेड सगळ्यात जास्त लावलं ते जॅको पास्टोरियसनं. त्याच्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढलेले होते आणि वर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवलेला होता. पण जॅकोचा सूर जागेवर असायचा. आमच्या मेंबरचा सूर जागेच्या शोधात असतो. तू इतक्यात त्या वाटेला जाऊ नकोस.

तुझ्या स्वतःच्या तक्रारीबद्दल. फोनवर व्हिडिओ काढलास आणि मित्रांनी विचारलं, "नुसती बोटं हलतायत, आवाज कुठाय?" यात तुझा दोष नाही. जाड ई तार मोकळी वाजली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात, आणि फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला ती झेपत नाहीत. तरीही थोडं काही ऐकू येतं, कारण त्याच स्वराबरोबर ८२, १२३, १६४ अशी वरची कंपनंही निघतात. स्पीकर ती वाजवतो आणि खालचा मूळ स्वर आपला मेंदू स्वतः भरून काढतो. यातून एक धडा घे. खोलीत एकटा वाजवताना तू बास नॉब पूर्ण उघडतोस आणि बाकी सगळे बंद करतोस. भिंती हलतात, छान वाटतं. पण ढोल सुरू झाला की ती सगळी घुमघुम ढोलाच्या पोटात जाते आणि तू नाहीसा होतोस. मिडचा, म्हणजे मधल्या स्वरांचा नॉब उघड. एकट्यानं ऐकताना आवाज थोडा नाकातला वाटेल. वाटू दे. बँडमध्ये तोच ऐकू येतो.

"गिटारमध्ये नापास झालेला बेसवर येतो" हा विनोद मात्र जगभर शिळा झालाय, आणि अर्धवटही आहे. मकार्टनी १९६१ साली बेसवर आला कारण आधीचा बेसवाला हॅम्बुर्गला राहिला आणि बँडमधलं दुसरं कोणी बेस गळ्यात घ्यायला तयार नव्हतं. कॅरोल के चांगली कमावती गिटारवादक होती. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, तेव्हा तिच्या हातात बेस दिला गेला, आणि पुढे अमेरिकेतल्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांच्या तळाशी तिचा बेस आहे. मी पहिल्यांदा बेस घेऊन मांडवात गेले तेव्हा लोकांना वाटलं, कुणाचा तरी सांभाळतेय. त्या काळात ही बाई मला माहीत असती तर बरं झालं असतं. आणि ज्या लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. नापासांची यादी अशी आहे. त्यात नाव आलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. रविवारी तुझी पाळी आली, तू बेस गळ्यात घातलास आणि वाजवायच्या आधी म्हणालास, "मी काय, नुसता रूट (मूळ स्वर) वाजवतो, हसू नका." सगळे हसले. मग तू वाजवलंस ते खरं तर नीट होतं. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर सा स्वच्छ पडत होता. पण कोणी ऐकत नव्हतं, कारण काय ऐकायचं ते तूच आधी सांगून टाकलं होतंस. मला ते आवडलं नाही. विनोदाला माझी हरकत नाही, हरकत आहे ती वेळेला. वाजवायच्या आधीचा विनोद म्हणजे माफीनामा असतो, आणि तो सवयीचा होतो. आज "नुसता रूट वाजवतो" म्हणशील, वर्षभरानं नुसता रूटच वाजवत असशील, आणि कोणी काही बोललं की म्हणशील, मी तर सांगितलंच होतं.

आमच्यातल्या एकाचं काय झालं ते ऐक. हात चांगला, ताल पक्का, आणि विनोद त्याहून पक्के. गरब्याच्या प्रत्येक तालमीला आला की आयोजकाला म्हणायचा, "आम्ही नसलो तरी कोणाला कळतंय? बेस काय, शोभेला." आयोजक हसायचा. सगळेच हसायचे. पुढच्या नवरात्रीला बजेट कापायची वेळ आली तेव्हा आयोजकानं कीबोर्डवाल्याला विचारलं, डाव्या हातानं बेस काढशील का. तो हो म्हणाला. आमचा गडी भांडायला गेला तर उत्तर मिळालं, "बेस वगर पण चालशे ने, तमे ज कहो छो." म्हणजे, बेसशिवायही चालेल ना, तुम्हीच तर म्हणता. त्यावर तो काय बोलणार? त्या वर्षी त्यानं मैदानात गरबा केला, आणि त्याच्याच सांगण्यानुसार तोही फार बरा झाला नाही.

म्हणून आमच्या टोळीत रहा, हस, हसव, पण गळ्यात बेस असताना वाजवणं संपेपर्यंत तोंड बंद. चूक झाली तरी चेहरा वाकडा करू नकोस. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना चूक कानानं कळत नाही, तुझ्या चेहऱ्यावरून कळते. वाजवून झाल्यावर वाट्टेल ती टिंगल कर, स्वतःची, माझी, बँकवाल्यांच्या पाच बेसची. चांगलं वाजवणाऱ्यानं नंतर केलेला विनोद लोक चवीनं ऐकतात. आपले औषधवाले काका बघ. "एकच तार वापरतो" म्हणतात ते नेहमी वाजवून झाल्यावर, आणि त्या एका तारेवर अख्खा गरबा तोलून धरल्यावर. तू त्यांचं वाक्य उचललंस, क्रम उचलला नाहीस.

रियाझाचं विचारलंस. स्लॅपचे व्हिडिओ बघून अंगठा सोलून घेणं थांबव. लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवत असे आणि त्यांच्याकडे ड्रमर उरला नव्हता. म्हणून तो अंगठ्यानं तार आपटून आणि बोटानं ओढून ड्रमचीही कसर भरून काढायचा. गरजेतून निघालेलं तंत्र आहे ते. आपल्याकडे दोन ढोल, ढोलक, ऑक्टोपॅड इतकं सगळं आधीच आपटत असतं. तू त्यात आणखी काय आपटणार? तबल्याच्या ॲपवर केहरवा लाव, सावकाश, आणि फक्त सा आणि प वाजव. स्वर उमटला कधी याकडे सगळे लक्ष देतात, तू स्वर बंद कधी झाला याकडे दे. बेसवाल्याचा अर्धा हात थांबवण्यात असतो. ज्या तारा वाजवत नाहीस त्या दोन्ही हातांनी दाबून ठेवायच्या, नाहीतर त्या आपापल्या गुणगुणत राहतात आणि सगळा चिखल होतो. तेवढ्या अर्थानं "बाकीच्या तीन सोबतीला" हे खोटं नाही. त्यांना गप्प बसवणं हेच काम आहे. मग हींच घे, गरब्याचा सहा मात्रांचा ताल. तिथे ढोलाची घुमणारी बाजू जिथे पडते तिथेच पड, एक केसही पुढे नको. बडोद्याचा गरबा संथ सुरू होतो आणि न थांबता चढत जातो. सुरुवातीला घाई करणारा बेस सगळ्या मैदानाचे पाय बिघडवतो, आणि दोष ढोलवाल्याला मिळतो. ढोलवाल्याशी मैत्री ठेव.

आणि स्केल, म्हणजे पट्टी. गायिकेचा घसा बसला आणि तिनं काळी दोन सोडून काळी एक मागितली, की कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि चहा पितो. तुला ए तारेवरचा सहावा फ्रेट सोडून चौथ्यावर यावं लागतं, आणि मधल्या सगळ्या वाटा बदलतात. प्रत्येक चाल किमान तीन स्केलमध्ये बसव. यात गंमत काही नाही, कंटाळा आहे. करायचा.

दुसरा बेस घेऊ नकोस. नव्या तारांचाही हव्यास नको. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सनच्या हातात बेसच्या इतिहासातली काही सर्वोत्तम गाणी घडली. तो चपट्या वेटोळ्याच्या जाड तारा लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, त्या लोणच्यासारख्या मुरू द्यायचा. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा तो. एका बोटावर विनोद करायचा असेल तर आधी त्याला ऐक. आपल्याकडचे ऐकायचे तर आर. डी. बर्मनकडे वाजवणारे टोनी वाझ, रहमानकडचा कीथ पीटर्स, आणि मोहिनी डे. हेडफोन लावून ऐक, फोनच्या स्पीकरवर नाही. का ते वर लिहिलंय.

तुझी तक्रार होती की बेस जड आहे आणि खांदा दुखतो. चार-साडेचार किलो गळ्यात घेऊन रात्री बारापर्यंत उभं राहायचं तर दुखणारच. पट्टा रुंद घे, आणि बेस गुडघ्यापर्यंत लोंबवू नकोस. दिसायला ऐटबाज दिसतं, मनगट मात्र वाकून मोडतं. तसंही आपल्याकडे कोण बघतंय?

पुढच्या रविवारी ये. मंडळींना मी सांगितलंय की तुझ्याकडून एक अख्खी हींच ऐकायची, मध्ये कोणी बोलायचं नाही. नंतर सगळे सेवउसळ खायला जाऊ, तेव्हा टोमणे सुरू होतील. तुझीही भर घाल.

तुझी,
मावशी

ता. क. तुझा बेस ॲक्टिव्ह आहे, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी आहे, आणि वायर जॅकमध्ये असली की ती चालू राहते, तू वाजवत असलास किंवा नसलास तरी. तालीम संपली की वायर काढून ठेव. नवरात्रीत एक सुटी बॅटरी खिशात ठेव, केसमध्ये नको. केस गाडीत राहते आणि गाडी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.