वडिलांना ‘तुमच्या नावावर गुन्हा दाखल आहे’ असे फोन येतात. खोटा फोन ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निवृत्त वडिलांना आधी ‘ट्राय’मधून (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आणि लगेच पाठोपाठ ‘पोलिसांकडून’ फोन आला. बोलणाऱ्याला त्यांचं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे माहीत होते. असा फोन खरा की खोटा हे ओळखायचं कसं, आणि पैसे गेलेच तर काय करायचं?

पहिली गोष्ट, फोन चालू असताना तो खरा की खोटा हे ठरवायला जाऊच नका. बहुतेक जण फसतात ते इथेच. आपण आवाज ऐकतो, नंबर बघतो, समोरचा किती माहिती सांगतो ते तपासतो, आणि या सगळ्याच गोष्टी समोरच्याच्या हातात असतात. नाव-पत्ता आणि आधारचे आकडे फुटलेल्या याद्यांमधून मिळतात. स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट दाखवता येतो. ओळखपत्र, गणवेश, मागची भिंत, ‘साहेबांची’ सही, सगळं तयार करता येतं. ओळखीच्या माणसाच्या आवाजाची नक्कलही आता करता येते. एकच गोष्ट त्याच्या हातात नसते, ती म्हणजे तुम्ही स्वतः शोधून लावलेला नंबर. म्हणून वडिलांना एवढंच सांगा: पैसा, पोलीस, पार्सल, बँक, सिम यांपैकी काहीही निघालं की ‘मी स्वतः फोन करून विचारतो’ म्हणायचं आणि ठेवायचं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तो लावायचा. समोरच्याने दिलेला नाही, आणि इंटरनेटवर शोधल्यावर सगळ्यात वर आलेला तर मुळीच नाही. खोटे कस्टमर केअर नंबर तिथेच पेरलेले असतात.

खरा अधिकारी फोन ठेवल्यावर कांगावा करत नाही. खोटा करतो, कारण तुम्ही दोन मिनिटं एकटे विचार करणं किंवा शेजाऱ्याला विचारणं त्याला परवडत नाही. ‘लाइन कट करू नका’, ‘घरात कुणाला सांगू नका’, ‘खोलीचं दार लावून घ्या’ यातलं एक वाक्य आलं तरी पुढचं ऐकायची गरज नाही.

वडिलांना आलेला प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’ नावाने ओळखला जातो. त्याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी रेकॉर्ड केलेला आवाज: तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी ९ दाबा. दाबलं की माणूस येतो आणि सांगतो, तुमच्या आधारवर दुसरं सिम निघालंय, त्यावरून गुन्हा झालाय, मुंबईच्या अमुक ठाण्याला जोडून देतो. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, अटक वॉरंटचा पीडीएफ, मनी लाँडरिंगचा (काळा पैसा पांढरा केल्याचा) आरोप. तासन् तास, कधी कित्येक दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात. शेवटी ‘तुमचा पैसा स्वच्छ आहे का हे रिझर्व्ह बँक तपासेल, तोवर या खात्यात ठेवा, तपासून परत येईल’. एफडी मोडायला लावतात, बँकेत पाठवतात, आणि बँकेत विचारलं तर ‘घर घ्यायचंय’ असं सांगायलाही शिकवून ठेवतात.

शिकलेली, मोठे व्यवहार केलेली माणसंही यात सापडतात. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका मोठ्या उद्योगपतींना सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून सुमारे ७ कोटी रुपयांना फसवलं गेलं. त्यामुळे वडील घाबरले असतील तर त्यांना भोळे ठरवू नका.

हा सगळा डोलारा कायद्याशी ताडून बघितला की कोसळतो. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. अटक आणि तपासाचे नियम सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. खरोखर अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. साक्षीसाठी बोलवायचं झालं तरी ६० वर्षांवरच्या पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला राहत्या घराबाहेर हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत (कलम १७९). कोणतीही तपास यंत्रणा किंवा रिझर्व्ह बँक ‘पडताळणी’साठी पैसे स्वतःच्या खात्यात मागवत नाही. आणि ट्राय कुणाचं सिम बंद करण्यासाठी ग्राहकाला फोन करत नाही.

‘तुमच्या आधारवर दुसरं सिम आहे’ ही भीती तर घरबसल्या घालवता येते. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर किंवा ॲपवर स्वतःचा मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ असं कळवता येतं. हे वडिलांसोबत बसून आजच करा. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी यादी पाहिली की पुढच्या वेळी त्या वाक्याचा धाक उरत नाही.

बाकीचे फोन इतके नाट्यमय नसतात, पण रोजचे असतात. त्यांची कथा बदलते, शेवट मात्र चारपाच ठिकाणीच होतो, म्हणून कथेपेक्षा शेवट लक्षात ठेवणं सोपं.

यूपीआय पिन फक्त पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘रिफंड देतोय, पिन टाका’ म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार.

ओटीपी सांगायचा नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तो न विचारता काढून घ्यायच्या वाटा शोधल्या गेल्यात. एक वाट कॉल मर्ज करण्याची: ‘तुमच्या मित्राने तुमचा नंबर दिला, तो दुसऱ्या लाइनवर आहे, कॉल जोडा’. तो दुसरा कॉल बँकेचा, ओटीपी बोलून दाखवणारा असतो. जोडला की समोरचाही तो ऐकतो. दुसरी वाट कॉल फॉरवर्डिंगची: कुरिअरवाला म्हणतो, ‘पार्सल येण्यासाठी स्टार २१ स्टार आणि हा नंबर डायल करा’. केलं की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, आणि व्हॉट्सॲपचा पडताळणीचा कॉलसुद्धा. असं घडून गेलं असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. मग फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन खरंच बंद झालंय का ते बघा.

तिसरी आणि सगळ्यात घातक वाट म्हणजे फोनच ताब्यात घेणं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट यांसारखं ॲप टाकायला लावतात किंवा व्हॉट्सॲपवरच स्क्रीन शेअर करायला सांगतात. ही ॲप्स स्वतः वाईट नाहीत, पण स्क्रीन दिसली की ओटीपी सांगायची गरजच राहत नाही. एपीके फाइल (प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनवर बसणारं ॲप) याहून वाईट: वाहनाचं चलन, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी अशा नावांनी येते, एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (स्क्रीन वाचायची, तुमच्या वतीने बटणं दाबायची) परवानगी मागते. ती दिली की तुमचे एसएमएस दुसरीकडे जाऊ लागतात. प्ले स्टोअरबाहेरचं काहीही टाकायचं नाही, हा नियम घरात अपवादाशिवाय असू द्या.

‘आज रात्री वीज तोडणार’ हाही जुनाच प्रकार. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊची मुदत देणारा वीज कंपनीचा माणूस नसतो.

नंबरांबद्दल एक खूण उपयोगाची आहे, पण तिच्यावर विसंबू नका. जाहिरातीच्या फोनसाठी १४० आणि बँकांच्या सेवा-व्यवहारांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणाऱ्या मालिका ठरवून दिल्या आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेच्या मुख्य कार्यालयातून’ फोन आला तर संशय घ्यायला ती पुरेशी. उलट बाजूने मात्र नाही: नंबर ओळखीचा दिसला म्हणून विश्वास ठेवू नका.

आता पैसे गेले असतील तर. इथे मिनिटं महत्त्वाची असतात, कारण पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे जातो आणि शेवटी एटीएममधून किंवा आभासी चलनात निघून जातो. मध्येच कुठेतरी तो गोठवला गेला तरच परत मिळायची शक्यता राहते. म्हणून आधी १९३० लावा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. लाइन लागत नसेल तर वाट बघत बसू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर आर्थिक फसवणुकीची तक्रार थेट नोंदवा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याने त्याच वेळी बँकेला फोन करून खातं, कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवायला सांगावं.

हाताशी ठेवायच्या गोष्टी: आपलं बँक आणि खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, पैसे गेले तो यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, आणि व्यवहार क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा व्यवहार क्रमांक १२ आकडी, एनईएफटीचा १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी असतो. तीन वेळा पैसे गेले असतील तर तिन्ही वेगळे द्या. एक राहिला तर त्या रकमेचा माग लागत नाही. चॅट, नंबर, पीडीएफ काही पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीचा पोचक्रमांक मिळेल, तो घेऊन पोर्टलवरची उरलेली माहिती त्याच दिवशी पूर्ण करा आणि पोलीस ठाण्यात जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, म्हणजे कोणतंही ठाणं तो नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवतं. गोठवलेली रक्कम अनेकदा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते, त्यामुळे हे कागद जपून ठेवा.

बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचं तत्त्व असं की ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर होणारं बँकेचं. चूक ना तुमची ना बँकेची, अशा व्यवहारात ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. दोन्ही बाबतींत उशीर तुम्हालाच महाग पडतो.

एपीके किंवा स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकलं गेलं असेल तर फोन विमान मोडवर टाका आणि १९३० दुसऱ्या फोनवरून लावा. बँकेचे पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. ॲप निघत नसेल तर आधी त्याची ॲक्सेसिबिलिटी आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी काढा, मग काढून टाका. तरी शंका उरली तर पुराव्याचे स्क्रीनशॉट बाहेर काढून फोन फॅक्टरी रीसेट करा. अचानक नेटवर्क गेलं आणि परत आलं नाही तर तुमच्याच नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढून घेतलं असण्याची शक्यता असते. तेव्हा ऑपरेटर आणि बँक दोघांनाही लगेच कळवा.

आणि एक सावध राहण्याजोगी गोष्ट: पैसे गेल्यावर काही दिवसांनी ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्याचा असतो. पैसे परत मिळवण्यासाठी कुणालाही आगाऊ पैसे द्यावे लागत नाहीत.

पैसे गेले नसतील आणि नुसता फोन आला असेल तर संचार साथीवरच्या ‘चक्षू’ सुविधेत तो नंबर कळवा. दोन मिनिटांचं काम आहे.

वडिलांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमधल्या कॉल विभागात ‘अनोळखी कॉलर शांत करा’ चालू करा. एफडी आणि पेन्शनचं खातं यूपीआयला जोडू नका; रोजच्या खर्चाचं छोटं खातं वेगळं ठेवा आणि त्यावर दिवसाची मर्यादा कमी करा. घरातल्या घरात एक परवलीचा शब्द ठरवा, म्हणजे ‘बाबा, मी अडकलोय, पैसे पाठवा’ असा तुमच्याच आवाजातला फोन आला तर ते तो विचारतील. आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की काहीही झालं तरी तुम्ही रागावणार नाही. ‘मुलगा काय म्हणेल’ या धास्तीने माणसं तक्रार उद्यावर ढकलतात, आणि तेवढ्या वेळात पैसे तीन खाती ओलांडून गेलेले असतात.